शिंप्यानं वाटलेलं दप्तर

मोडी वाचता येतं असं कुणाला सांगितलं, की तो आधी तळहात पुढं करतो. मेलेल्या माणसांचं लिहिलेलं जी वाचते, तिला जिवंत माणसाचं नशीब वाचायला काय अवघड, असा त्याचा सरळ विचार. जालन्यात आमच्या गल्लीतल्या एकीनं मला पोरीच्या लग्नाचा योग विचारला होता. मीही तिचं मन राहावं म्हणून "पुढच्या उन्हाळ्यात" असं ठोकून दिलं. झालं की हो लग्न! तेव्हापासून गल्लीत माझी पत वाढली. खात्यात ती कधीच वाढली नाही, तो भाग वेगळा.

एक्क्याऐंशी साली मी जुनी कागदपत्रं गोळा करणाऱ्या त्या कार्यालयात लागले. काम सांगायला सोपं आहे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या भागात देशमुख, देशपांडे, पाटील अशी वतनदार घराणी होती. सारा गोळा करायचा, गावातले तंटे मिटवायचे, सरकारात हिशेब द्यायचा. सरकारही एक असतं तर बरं. आज दारात मराठ्यांचे स्वार, उद्या निजामाचे. कोण कधी काय विचारेल याचा नेम नाही, म्हणून या लोकांना सगळं लिहून ठेवायची खोडच लागली. शिंक आली तरी लिहून ठेवतील. हे कागद ते कापडात बांधत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचं, आणि सगळे रुमाल मिळून झालं दप्तर. आम्ही गावोगाव जाऊन ही दप्तरं शोधायची, वाचायची, नोंद करायची आणि मालक राजी असेल तर कार्यालयात आणायची. ‘मालक राजी असेल तर’ या चार शब्दांत माझी सगळी नोकरी गेली.

मोडी म्हणजे हात न उचलता, पळत पळत लिहिलेली मराठी. शब्द कुठं संपला ते लिहिणाऱ्याला ठाऊक आणि देवाला. वाचणाऱ्यानं ओळीचा शेवट बघायचा आणि त्यावरून सुरुवात ताडायची. पण कागदापर्यंत पोचणं हीच खरी कसोटी. दप्तराचं नाव काढलं की घरधनी म्हणणार, "आमच्याकडं कागद-बिगद काही न्हाई," आणि बसलेला असतो कागदांच्याच पेटीवर. त्यात दसऱ्याला दप्तराची पूजा. हळद, कुंकू, झेंडू आणि वर गोमूत्र शिंपडायचं. कागदाचं याहून वाईट करायचं म्हटलं तर तो जाळावाच लागेल.

आणि आमची गिऱ्हाइकं! अंबडकडचे एक गृहस्थ छातीशी कागद धरून आले. म्हणाले, दार लावून घ्या, खजिन्याचा नकाशा आहे, आज्यानं मरताना हातात दिला. मी वाचला. बैलाचं पोट फुगलं तर द्यायच्या काढ्याची कृती होती. ओवा, हिंग, सैंधव. गृहस्थांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता खरं वाचा." दुसऱ्या एका पाटलांना पोळ्याला पहिला बैल आपलाच हे कागदावरून सिद्ध करायचं होतं. कागदात निघालं की त्यांचा पूर्वज दुसऱ्याच्या मळ्यात वांगी तोडताना सापडला. "एवढी वळ सोडा, बाई. पुढं मानाचं असल," पाटील म्हणाले. पुढं दंडाचं होतं.

अशा माणसांवर माझा फार जीव. पण आज सांगायचंय ते आक्कांचं.

आक्का हसनाबादच्या. एके दिवशी शेंगांची पिशवी घेऊन थेट कार्यालयात आल्या, पिशवी माझ्या टेबलावर, कागदांवरच ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. वय साठीच्या आसपास, आवाज असा की बाजूच्या खोलीतल्या साहेबांनी मान बाहेर काढली.

"जुने कागद वाचनाऱ्या त्या तुमीच का?"

मी हो म्हटलं.

"माझं माहेर देशमुखाचं. भावाकडं लई कागद हायेत. दोन भाऊ हायेत मला. दोघाकडं बी हायेत."

माझे डोळे चकाकले. देशमुखांचं दप्तर म्हणजे आम्हाला पुरणपोळीवर तूप. "कुणाकडं जास्त आहेत?"

"दोघाकडं सारकेच. अर्धे अर्धे."

"म्हणजे किती रुमाल याच्याकडं आणि किती त्याच्याकडं?"

"तसं न्हाई वो. परतेक कागद अर्धा अर्धा. मधून उभा कापला ना."

मी पेन खाली ठेवलं. आक्कांनी सांगितलं ते असं. वडील गेले, वाटणी बसली. जमीन निम्मी, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या निम्म्या, बैलजोडीतला एकेक बैल, आंब्याच्या सुद्धा फांद्या मोजून वाटल्या. मग दप्तर आलं. थोरला आबा म्हणतो ते माझं, धाकटा नाना म्हणतो माझं. वतनाचे कागद एकट्याच्या हाती गेले तर तो उद्या दुसऱ्याला कोर्टात ओढणार, ही भीती. पंचांतल्या एका शहाण्यानं तोड काढली, की दोघांनाही सगळे कागद मिळाले पाहिजेत. मग गावच्या बाबूमियां शिंप्याला कात्री घेऊन बोलावलं आणि बसवला कापायला. कापायच्या आधी दप्तराची रीतसर पूजा केली, नारळ फोडला.

माझ्या नोकरीत मी वाळवी पाहिली, उंदीर पाहिले, एका घरी तर कागदांचे पतंग केलेले पाहिले. पण इतक्या न्यायानं दप्तराचा खून झालेला पाहिला नव्हता. मला हसू आवरेना. आक्काही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"हसा तुमी. माझं काय झालं ते ऐका. वाटणी झाली अन् पुढं बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं वाजलं. बाभळ वाळवीनं खाल्ली, भांडण हाये तसंच हाये. आबा म्हणतो, नानाच्या घरी ओवाळायला गेलीस तर माझं दार बंद. नाना म्हणतो, आबाकडं गेलीस तर तोंड पाहणार न्हाई. मंग म्या कोणाकडंच जात न्हाई. भाऊबीजेला अंगणात पाट मांडते अन् चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायांनी चंद्राला ओवाळायचं असतंय, बाई. मला दोन दोन हायेत."

हे त्या रडून नाही, रागानं बोलल्या. मग पिशवीतल्या शेंगा माझ्यापुढं ढकलत म्हणाल्या, "कागद वाचायला दोघं एका जागी बसले पायजेत का न्हाई? बस्स, तेवढं जमवा. एका ताटानं दोघांना ओवाळते, मंग तुमचे कागद तुमी वाचत बसा."

मी गावात गेले. गावाचं नाव सांगत नाही, हसनाबादच्या पुढं फाट्यावरून आत आहे एवढंच. आबा-नानांची नातवंडं आता मोटारसायकलीवर फिरतात आणि मला ओळखतात. आधी आबांकडं गेले. ते म्हणाले, "सगळं महत्त्वाचं माझ्याच अर्ध्यात हाये. त्याच्याकडं नुस्ती शेपटं गेलीत." रस्ता ओलांडून नानांकडं गेले. ते म्हणाले, "वळीच्या शेवटालाच खरं असतंय. त्याच्याकडं काय, नुस्ता नमस्कार-चमत्कार." मी दोघांनाही एकच सांगितलं, की समोरच्याच्या अर्ध्यात काय आहे ते तुम्हाला कळायचं असेल तर दोन्ही अर्धे शेजारी लागले पाहिजेत. हे औषध बरोबर लागू पडलं. दुसऱ्याकडं काय आहे, या जळजळीपुढं रुसवा टिकत नाही.

तरी अटी आल्याच. तो माझ्या घरी येणार नाही, मी त्याच्या घरी जाणार नाही. म्हणून बैठक दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात. आपापला अर्धा ज्यानं त्यानं स्वतः धरायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, माझ्याही नाही. दिवस भाऊबीजेचा, हे आक्कांनी परस्पर ठरवून टाकलं. माझ्या भावानं जालन्यात कपाळाला हात लावला. त्या वर्षीपासून बिचाऱ्याची ओवाळणी दिवेलागणीला, मी एसटीनं परत आल्यावर.

भाऊबीजेच्या सकाळी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. देशमुखांचे कागद बोलणार म्हणून आख्खं गाव लोटलं होतं. बाबूमियां चष्मा लावून पुढंच बसले होते, कारण कापणीत काही चूक निघाली तर जबाबदारी त्यांची. "मेरे कू बोले सीधा काटो, मैं सीधा काटा," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. मध्ये फळ्यासारखी एक लाकडी पाटी ठेवली. आबांनी डावीकडून आपला अर्धा लावला, नानांनी उजवीकडून आपला. वारं सुटलेलं, कागद फडफडायचा, म्हणून दोघांना चारी हातांनी चारी कोपरे दाबून खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. एकमेकांशी बोलायचं नाही ही अट होतीच. त्यामुळं सगळं माझ्यामार्फत चाललं.

"बाई, बाजूच्याला सांगा, कागद वर सरकवा."

"बाई, बाजूच्याला सांगा, सरकवायला मी काय त्याचा गडी हाये का?"

पहिला कागद कुण्या कुणब्याचा अर्ज होता, देशमुखांना लिहिलेला. मी आबांच्या अर्ध्यातलं वाचलं, "सेवेसी विज्ञापना ऐसीजे, साहेबांचा घोडा आमचे..." आणि जोड बघायला क्षणभर थांबले. तेवढ्यात मागून पिठाच्या गिरणीवाला ओरडला, "लग्नात नाचला!" व्हरांड्यात हशा फुटला. मी नानांच्या अर्ध्यातलं वाचलं, "...जोंधळ्यात शिरोन कणसे खाऊन गेला." गिरणीवाला म्हणाला, "मंग नाचतच गेला असल."

झालं, तिथून खेळच सुरू झाला. मी डावी बाजू वाचायची, गावानं उजवी बाजू ताडायची. पुढच्या कागदात होतं, "मौजे मजकूरचा न्हावी रुसोन बसला, येणेकरोन देशमुखांची..." एक म्हणाला, सासू पळाली. एक म्हणाला, पाटीलकी बुडाली. एक म्हातारी ठामपणे म्हणाली, दाढी. दाढीच निघाली. "दसऱ्यापासोन हजामत जाहली नाही, मुख कोणास दाखवावे." म्हातारीला गावच्या पाटलांनी चिवड्याची बशी बक्षीस दिली. बाबूमियां हसता हसता विचारत होते, "देखो, बराबर दाढी पे काटा ना?" इतिहास म्हणून मी पंचवीस वर्षं जे वाचत आले ते लढाया आणि तहांबद्दल कमी आणि कोंबड्या, कुंपणं, रुसवे, जावई यांच्याबद्दल जास्त आहे. पण त्याला असे ऐकणारे मी त्याआधी पाहिले नव्हते.

आबा आणि नाना तोंड घट्ट मिटून बसले होते. हसू आलं की आबा डावीकडं पाहत, नाना उजवीकडं. पण खांदे दोघांचे हलत होते.

आणि आक्कांनी नेमकं तेव्हा ताट काढलं. दोघांचेही दोन्ही हात कागदावर, उठता येईना, वारं जोरात. आबा म्हणाले, "आक्का, थांब, कागद..." तोवर कपाळाला कुंकू. नाना म्हणाले, "आक्का, हे बराबर न्हाई..." तोवर तोंडात करंजी. डोक्यावर तेल, अक्षता, निरांजन, सगळं कसं जल्दी जल्दी. मी पुष्कळ युद्धांची वर्णनं वाचली, असा छापा कुठल्याच बखरीत नाही.

मग प्रश्न आला ओवाळणी घालायचा. नानांचा हात खिशाकडं जाईना. मला म्हणाले, "बाई, तेवढं खिशातून काढा." मी म्हटलं, "मी परक्या माणसाच्या खिशात हात घालत नसते." आक्का ताट धरून उभ्या. तेव्हा आबांनी, कुणाकडं न बघता, उजवा हात पसरला आणि नानांचा अर्धाही दाबून धरला. नानांनी हात सोडवून खिशात घातला. मग नानांनी आबांचा अर्धा धरला आणि आबांनी ओवाळणी घातली.

संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट पाहत मी आणि आक्का उभ्या होतो. त्या इतक्या खूष होत्या की उगीच माझी साडी नीट करत होत्या. मग म्हणाल्या, "किती वाचून झालं?"

मी म्हटलं, "अर्धा रुमालसुद्धा नाही."

"हळू वाचा, बाई. सगळं एकदम वाचलं तर पुढच्या साली मला कोण बोलवंल?"

आमच्या धंद्यात जल्दी वाचणाऱ्याचा मान. त्या दिवसापासून मी या एका दप्तरापुरती हळू झाले. वर्षातून एकच दिवस, भाऊबीजेचा. साहेब विचारायचे, "त्या देशमुखांचं कुठवर आलं?" मी म्हणायची, "जोडकाम अवघड आहे, साहेब." खोटंही नव्हतं. प्रत्येक अर्ध्याचा जोडीदार शोधायला आबांनी आणि नानांनी आपापला ढीग चाळायचा, मी अक्षर बघून सांगायचं, हा त्याचा नव्हे, हा त्याच्या मेव्हण्याचा. साहेब बदलले, नवे आले, त्यांनाही तेच सांगितलं. ते दप्तर कार्यालयात यायला हवं होतं, त्याची धड नक्कल व्हायला हवी होती, याची रुखरुख मला आजही आहे. त्या कागदांत आपल्या मुलुखाचं जे रोजचं जगणं आहे ते दुसरीकडं कुठं मी वाचलं नाही. पण मागायला गेलं की आबा म्हणायचे "बाजूच्याला विचारा" आणि नाना म्हणायचे "बाजूच्याला विचारा". मी विचारणं सोडून दिलं.

दरवर्षी आक्का ओवाळायच्या, शाळेच्या व्हरांड्यातच. घरी बोलवायला दोघंही तयार नव्हते आणि भावांचं आपसात बोलणं तेच, माझ्यामार्फत. म्हणजे सगळा डोलारा त्या कागदांवर उभा होता आणि रुमाल तर संपत चालले. आक्का दरसाल येताच आधी गाठोड्याच्या जाडीकडं बघायच्या, गृहिणी डब्यातल्या पिठाकडं बघते तशा. शतक बदललं, माझी निवृत्ती जवळ आली, आणि एका भाऊबीजेला उठताना मी दोन्ही ढिगांची जाडी नजरेनं मोजली. पुढच्या वर्षी चार-पाच कागद वाचले की संपलं. आक्कांनीही पाहिलं. त्या वर्षी फाट्यावर एसटी आली तरी त्यांनी माझा हात सोडला नाही, कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला. मला वर्षभर त्याचा घोर लागून राहिला. एवढ्या म्हाताऱ्या बाईला पुन्हा अंगणात पाट मांडायला लावणार का हे दोघं, असं वाटून मला त्या दोघा भावांचा मनापासून राग यायचा.

पुढच्या भाऊबीजेला मी पोचले तेव्हा व्हरांडा नेहमीसारखाच भरलेला. बाबूमियां आता काठी टेकत आले होते. आक्का खांबाला टेकून, ताट मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसलेल्या. आबांनी आपलं गाठोडं पुढं ठेवलं, नानांनी आपलं. मी बघतच राहिले. चार-पाच कागदांचं गाठोडं चांगलं उशीएवढं जाड होतं.

आबांनी वरचा अर्धा काढून पाटीवर लावला. नानांनी, न शोधता, न चाळता, त्याचाच जोडीदार लावला. मी वाचायला वाकले आणि पहिल्या शब्दालाच ओळखलं. हा हत्तीचा कागद होता. दोन-तीन वर्षांपूर्वीच मी तो इथंच वाचला होता आणि गाव इतकं हसलं होतं की बाबूमियां पायरीवरून घसरले होते.

मी मान वर केली. एक जुना अर्धा चुकून गाठोड्यात राहू शकतो. पण त्याचा जोडीदार त्याच दिवशी, त्याच जागी, वरच कसा येईल? मी गाठोड्याची कड बघितली. सगळे जुने कागद होते, आणि दोन्ही बाजूंना एकाच क्रमानं लावलेले. म्हणजे हे दोघं कुठंतरी एकत्र बसले होते. एकाच्या घरी किंवा दुसऱ्याच्या. एकेक कागद काढून, तुझा हा, माझा हा, असं जुळवत, आणि न बोलता हे होत नाही, मी आयुष्यभर हेच काम केलंय. आबा शाळेच्या घंटेकडं पाहत होते. नाना पायाच्या अंगठ्याकडं.

मी घसा साफ केला आणि वाचलं, "सरकारचा हत्ती गावी मुक्कामास येऊन राहिला, त्याचे खाणे गावावर पडले. हत्ती आजारी आहे ऐसे सरकारास लिहावे म्हणता, तरी तैसे लिहिलियास..." आणि थांबले.

पुढचं अर्धं सगळ्यांना पाठ होतं. लहान पोरं सुद्धा शाळेत ते एकमेकांना म्हणून दाखवत. मी वाट पाहिली की आता कुणीतरी ओरडणार आणि फजिती होणार.

गिरणीवाला डोकं खाजवत म्हणाला, "हत्ती रागवंल."

"दुसरा हत्ती पाठवतील," पाटील म्हणाले.

बाबूमियांनी खूप विचार केल्यासारखं केलं. "हत्ती मर जाएगा, और क्या."

दाढी ओळखणारी ती म्हातारी म्हणाली, "मला तर बाई काहीच सुचंना."

आक्कांनी मान वर केली होती. त्या एकेकाच्या तोंडाकडं पाहत होत्या, मग आबांकडं, मग नानांकडं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. सगळे आपापली चुकीची उत्तरं देऊन झाले, तसं आबांनी घंटेवरची नजर काढली आणि माझ्याकडं न बघता, सरळ शेजारी वळून, मोठ्यानं विचारलं, "नाना, तुला काय वाटतंय रे?"

"मला काय म्हाईत, आबा," नाना म्हणाले. "बाईनं वाचलं तर कळंल."

मी वाचलं, "...वैद्य पाठवितील, आणि त्याचेही खाणे गावावर पडेल."

आणि सगळा व्हरांडा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसला.